सर्टिफिकेटावरचा महिना

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१४ जुलै २०२५

चि. सुशांत, आसावरी आणि माझी दुभाषी नात रीमा,

तिघांना त्र्यंबक ड्रायव्हरचे भरभरून आशीर्वाद.

आश्लेषाकडे सुखरूप पोचलो. तीन महिने मुलाकडे झाले, आता तीन महिने लेकीकडे. विमानाच्या ड्रायव्हरने गाडी जमिनीवर अशी आपटली की माझी कवळी हलली. एकतीस वर्षांत एकाही पॅसेंजरला मी असा दणका दिला नाही. उतरताना त्याला दोन शब्द सांगणार होतो, पण इंग्रजी जुळवेपर्यंत दार आलं.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर मला 'हॅलो बाबा' एवढंच कळतं. डावा कान एस.टी.च्या इंजिनाने खाल्ला, उजवा वयाने. आश्लेषा मधे बसून तुझं प्रत्येक वाक्य मला ओरडून सांगते, मग बापलेकांचं बोलणं काय राहिलं? तेव्हा तूही हाताने लिही. अक्षर विसरला असशील तर रीमाच्या पाटीवर गिरव.

आता कामाचं. माझं सर्टिफिकेट आलं का?

जूनमध्ये तू मला लॅपटॉपपुढे बसवलंस आणि म्हणालास, 'बाबा, इथला ड्रायव्हिंगचा कोर्स आहे, सहा तासांचा, तुमचा वेळ जाईल.' मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायची युक्ती आहे. तू म्हणालास, पानावरचं घड्याळ संपलं की नुसतं बटण दाबायचं. पण नुसतं बटण दाबायला मी काय लिफ्टमन आहे? रीमा वाचून मराठीत सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. चौसष्ट पानं भरली. पंचवीस प्रश्नांपैकी तेवीस बरोबर आले. उरलेले दोन त्यांचेच चुकलेत असं माझं मत आहे.

वर कोपऱ्यात तुझं नाव दिसायचं. पैसे तू भरलेस म्हणून असेल. मधे माझं नाव होतंच.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. मधूनमधून ते मशीन विचारायचं, तुमचा जन्ममहिना कोणता? खुर्चीतला माणूस मधेच बदलला तर नाही, हे बघत असणार. तू चिठ्ठीवर उत्तरं लिहून ठेवली होतीस. गाडीचा रंग करडा, जन्ममहिना ऑक्टोबर. सुशांत, माझ्या पासपोर्टावर एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली तारीख. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली आहेत! मी खरा कोजागरीचा, हे माझ्या आईने फक्त तुझ्या आईला सांगितलं होतं. 'बापलेकांचा महिना एकच' असं ती म्हणायची. तिनेच तुला सांगितलं असणार. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि तू ते लक्षात ठेवलंस. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे.

इथल्या मराठी मंडळात १६ ऑगस्टला ज्येष्ठांचा मेळावा आहे. 'गाडी आणि माणूस' या विषयावर मी बोलणार आहे. तेव्हा सर्टिफिकेट हातात हवं. लवकर पाठव.

तुझा,
बाबा

*

फ्रिस्को, टेक्सस
२२ जुलै

बाबा,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. रीमाने पाकीट फोडलं आणि मी वाचून दाखवलं. सगळं नाही दाखवलं.

इथे उकाडा मरणाचा आहे. तुम्ही लावलेली मेथी जळाली. ऑफिसात नवीन रिलीज आहे, त्यामुळे मला मान वर करायला वेळ नाही. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच.

सर्टिफिकेट अजून प्रोसेसमध्ये आहे. या कंपन्यांचं असंच असतं, कधी ईमेलने पाठवतात, कधी पोस्टाने. मी फॉलोअप करतो. पण बाबा, तुम्हाला भाषणात त्याची गरज काय? तुमच्याकडे विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे. त्यापुढे सहा तासांचा ऑनलाइन कोर्स म्हणजे किरकोळ गोष्ट. उगाच चारचौघांत त्याचं नाव काढू नका, असं मला वाटतं. इथले लोक मग नाही नाही ते प्रश्न विचारतात.

ऑक्टोबरबद्दल

आसावरी नमस्कार सांगते. गोळ्या वेळेवर घ्या.

सुशांत

*

ईडन प्रेरी
३० जुलै

चि. सुशांत,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून जिवंत आहे, आनंद झाला. पण 'ऑक्टोबरबद्दल' असं लिहून पुढच्या दोन ओळी तू इतक्या खोडल्यास की कागद फाटायचा राहिला. उजेडासमोर धरून पाहिलं, एक अक्षर लागेना. आईच्या आठवणीने भरून आलं असेल. मीही खोडल्या असत्या.

सर्टिफिकेट किरकोळ आहे म्हणतोस. बिल्ला मला हात आणि पाय चालवल्याबद्दल मिळाला. मी दहावी नापास माणूस, इंग्रजीतली परीक्षा पास झालो ती आयुष्यात एकदाच, तीही बहात्तराव्या वर्षी. ती किरकोळ कशी?

तुझी धावपळ नको म्हणून आश्लेषाने परस्पर त्या कंपनीला फोन केला. त्यांनी शोधलं, त्र्यंबक जगताप नावाचा कुणी विद्यार्थीच नाही म्हणाले. आश्लेषा म्हणाली, 'दादाने फॉर्म भरताना काहीतरी गोंधळ केला असेल.' मी तिला म्हटलं, सुशांत गोंधळ करत नाही. चौथीपासून त्याने एक फॉर्म चुकवलेला नाही. कंपनीच्याच कारकुनाने घोळ घातला असणार. आता तू जरा दम दे त्यांना.

भाषणाची तयारी जोरात आहे. वहीतलं शाळेचं पान वाचणार आहे. शाळेसमोर पिवळा दिवा लुकलुकत असेल तर ताशी वीस मैलांच्या वर जायचं नाही, पोरं दिसोत न दिसोत. मी वाड्यावस्त्यांवरच्या गाड्या चालवल्या, तिथे कसला दिवा नि कसलं काय. पण शाळा आली की मी दुसऱ्या गिअरवर यायचो. कंडक्टर वैतागायचा, म्हणायचा, 'त्र्यंबकराव, आज रविवार आहे.' मी म्हणायचो, पोरांना रविवार कळतो, ब्रेकला कळत नाही. सवय मोडली की मोडली.

वाट बघतो.

तुझा,
बाबा

*

फ्रिस्को
५ ऑगस्ट

बाबा,

नमस्कार. सोबत सर्टिफिकेट पाठवतो आहे. आश्लेषाला सांगा, कंपनीला आता फोन करू नकोस, सगळं सॉर्ट झालं आहे.

घाईत आहे.

सुशांत

*

ईडन प्रेरी
१८ ऑगस्ट

चि. सुशांत, आसावरी, रीमा,

आज सकाळीच लिहायला बसलो.

परवा मेळावा झाला. साठ-सत्तर माणसं होती, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतले मोठे साहेब, आणि त्यांच्यात मी फलटण आगाराचा ड्रायव्हर. पहिली दोन मिनिटं वहीत बघूनच बोललो. मग मनात म्हटलं, त्र्यंबका, समोर पॅसेंजर बसलेत असं समज. आणि गाडी सुटली!

शेवटी मी ते सर्टिफिकेट काढून दाखवलं. सांगितलं, माझा मुलगा टेक्ससात इंजिनिअर आहे. त्याने बापाला बागेत फिरायला पाठवलं नाही की टीव्हीपुढे बसवलं नाही, त्याने बापाला शिकायला बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोभना कुलकर्णी म्हणून एक बाई आहेत, त्या उठून म्हणाल्या, 'असा मुलगा सगळ्यांना मिळो.' मला ऐकू आलं नाही, आश्लेषाने नंतर सांगितलं. बरं झालं, तिथे ऐकलं असतं तर रडलो असतो.

तिघाचौघांनी सर्टिफिकेट हातात घेऊन पाहिलं. त्यावर जन्ममहिना ऑक्टोबर छापला आहे, तो मी सगळ्यांना दाखवला. सरकारदरबारी मी जूनचा, पण मुलाच्या घरी ऑक्टोबरचा, असं म्हटलं. लोक हसले.

आश्लेषाने त्याला फ्रेम करून आणली. गावी गेलो की बिल्ल्याशेजारी लावणार. उजवीकडे हातापायांचं, डावीकडे डोक्याचं.

तुम्हा तिघांना पोटभर आशीर्वाद.

बाबा

*

फ्रिस्को
२३ ऑगस्ट

बाबा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. या वेळी खोडणार नाही.

ते सर्टिफिकेट खोटं आहे. मी ते माझ्या कम्प्युटरवर बनवलं.

सगळं पहिल्यापासून सांगतो. सहा मे रोजी, तुम्ही इथे होतात तेव्हा, मी रीमाला शाळेत सोडायला निघालो होतो. नऊची मीटिंग होती आणि उशीर झाला होता. शाळेसमोरचा पिवळा दिवा लुकलुकत होता. रीमा मागच्या सीटवरून म्हणाली, 'डॅड, इट्स फ्लॅशिंग.' मी म्हणालो, 'आय नो, आय नो.' वीसच्या जागी अडतीसने गेलो. हातात थांबण्याची पाटी घेतलेल्या, मुलांना रस्ता पार करून देणाऱ्या एक आजी रस्त्यात उतरत होत्या. मला बघून त्या मागे सरकल्या आणि पाठीमागच्या दोन मुलांना त्यांनी हाताने अडवलं. पन्नास पावलांवर पोलीस उभा होता. त्याने दंडाचं तिकीट दिलं. मीटिंग कॅन्सल झाल्याचा मेसेज मला तिथेच रस्त्याकडेला आला.

रीमाला मी म्हणालो, आजोबांना सांगू नकोस.

इथे एक सोय असते, बाबा. कोर्टाची परवानगी काढून असा सहा तासांचा कोर्स केला की ते तिकीट रेकॉर्डवर येत नाही. कोर्स ज्याला तिकीट मिळालं त्याने स्वतः करायचा आणि तसं शपथेवर लिहून द्यायचं. माझी ग्रीन कार्डाची फाइल अडकलेली आहे, रेकॉर्ड खराब झालं तर काय होईल या भीतीने मी कोर्स घेतला. आणि मग सहा तास माझ्याच्याने बसवेनात. ऑफिसात सगळे म्हणाले, अरे यार, घरी कुणालाही बटण दाबायला बसव, आम्ही बायकोला बसवतो. मी तुम्हाला बसवलं.

चिठ्ठीवरचा ऑक्टोबर माझा होता. तुमचा खरा महिना मला माहीत नव्हता. आईने मला कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मी लक्ष दिलं नाही. तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसलो, कारण घरात बसवेना. त्या खोडलेल्या दोन ओळींत हेच होतं. ते खोडलं, वर खोटा कागद बनवला, आणि त्यावर ऑक्टोबर तसाच ठेवला, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

खरं सर्टिफिकेट माझ्या नावाचं आहे आणि जून संपल्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शपथपत्रावर सही करून ते दोन सप्टेंबरच्या आत कोर्टात द्यायचं आहे. कोर्सच्या शेवटच्या दिवशी रीमाने मला विचारलं होतं, 'आजोबांचं नाव का नाही त्याच्यावर?' मी म्हणालो, 'इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी, बेटा.' त्या दिवसापासून ती गाडीत पुढे बघून बसते. माझ्याशी नीट बोलत नाही.

तुम्ही माझं नाव घेऊन भाषण केलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तुमच्यासमोर यायची लाज वाटते, म्हणून फोनही नाही, व्हिडिओही नाही.

ती फ्रेम लावू नका, बाबा. बिल्ल्याशेजारी तर नकोच.

सुशांत

*

फ्रिस्को
५ सप्टेंबर

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. आश्लेषाने एवढाच मेसेज केला की तुम्ही फ्रेम उचलून पलंगाखाली ठेवली. काय झालं ते तिला माहीत नाही. तुम्ही तिला सांगितलेलं नाही, हे वाचून मला आणखीच कसंतरी झालं.

दोन तारखेला मी कोर्टात गेलो. शपथपत्रावर सही करायला पेन पुढे केलं खिडकीतल्या बाईंनी. मी म्हणालो, हा कोर्स मी केलेला नाही. त्या म्हणाल्या, मग हे कशाला आणलंत? मी सर्टिफिकेट परत खिशात घातलं. माझ्यामागे रांग होती, त्यात आमच्या कॉलनीतला एक केदार म्हणून आहे तोही होता, त्याने सगळं ऐकलं. मी दंड भरला. तिकीट आता रेकॉर्डवर आलं आहे. इन्शुरन्स वाढेल. ग्रीन कार्डाच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, एवढ्याशा तिकिटाने फाइलला काही होत नाही. एवढी खात्री मला मे महिन्यात एका फोनवर करून घेता आली असती.

हे मी तुमच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून लिहीत नाही. तुम्ही रागवा, पण दोन ओळी लिहा. तुमच्याकडून पत्र नाही म्हणून रीमा रोज पेटीत हात घालून बघते.

सुशांत

*

ईडन प्रेरी
१४ सप्टेंबर

चि. सुशांत,

लिहायला उशीर केला तो मुद्दाम. रागाच्या भरात स्टिअरिंग हातात घेऊ नये, असं नवीन पोरांना मी शिकवत असे. ते पेनालाही लागू आहे.

तू मला फसवलंस याचं वाईट वाटलं, पण ते दुसऱ्या नंबरचं. पहिलं वाईट त्या पाटीवाल्या बाईचं वाटलं. तुझ्या पत्रात तिला दोनच ओळी आहेत. सर्टिफिकेट, कोर्ट, ग्रीन कार्ड आणि तुझी लाज, यांना चार पानं. ती बाई मागे सरकली नसती तर? मी रात्री डोळे मिटले की मला तीच दिसते. एकतीस वर्षं मला ज्याची भीती वाटली, ते माझ्या मुलाकडून व्हायचं एका पावलाने राहिलं.

कोर्टात खरं बोललास. उशिरा का होईना, बोललास. शाबासकी नको म्हणालास, तर देत नाही.

काल ज्येष्ठांची महिन्याची बैठक होती. मी उभा राहून सांगितलं की गेल्या खेपेला मी दाखवलेलं सर्टिफिकेट खरं नव्हतं. मग शोभनाबाईंनी जवळ येऊन विचारलं, 'अहो, असं कसं झालं?' मी म्हणालो, छापणाऱ्यांची चूक, माझ्या मुलाला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं.

सुशांत, डेपोच्या चौकशीतसुद्धा मी कधी खोटं बोललो नव्हतो. आरसा फुटला तरी माझ्या हातून फुटला म्हणून सही केली. काल साठ माणसांपुढे बोललो, आणि इतकं सहज बोललो की माझी मलाच भीती वाटली. एवढं मात्र तुझ्या बापाला पुन्हा करायला लावू नकोस.

आश्लेषाला मी म्हटलं, मला तो कोर्स माझ्या नावाने करायचा आहे. ती म्हणाली, 'बाबा, तुमच्याकडे इथलं लायसन नाही, त्याचा उपयोग काय?' मी म्हटलं, उपयोग मला माहीत आहे, तू फॉर्म भर. पुन्हा सहा तास बसलो. दुभाषी नव्हती, म्हणून वही शेजारी ठेवली. या खेपेला एकवीसच बरोबर आले. मशीनने जन्ममहिना विचारला तेव्हा मी जून दाबलं. तुझ्या कागदावर माझा खरा महिना होता आणि या खऱ्या कागदावर गुरुजींनी लावलेला आहे. असू दे. बिल्ल्याशेजारी हाच लावीन. ऑक्टोबरची चिठ्ठी मी पाकिटातून काढली, पण फेकली नाही. तुझं अक्षर आहे.

अठ्ठावीस तारखेला मी इथूनच परत निघतो. त्याआधी तुमच्याकडे यायला जमणार नाही. जमणार नाही म्हणजे अजून मनाला जमत नाही. कोजागरीला मी घरी असेन. त्या रात्री व्हिडिओ लावा. काही ऐकू येणार नाही, पण बघेन.

सोबत वही पाठवतो आहे. रीमाला मराठी वाचता येत नाही. जूनमध्ये तिने मला रोज वाचून दाखवलं, आता तू तिला वाचून दाखव. रोज चार पानं, नुसतं बटण दाबल्यासारखं नको. पाटीवाल्या बाईंना सकाळी गाडी थांबवून, काच खाली करून नमस्कार कर. माफी मागायची की नाही ते तुझं तू ठरव, रीमा मागच्या सीटवर असेलच.

शाळेसमोरचं पान मी दुमडून ठेवलं आहे. तिथून सुरुवात कर.

बाबा